वावडं

केसपेपरवर चौथा रकाना माझा.
वरचं छापील अक्षर कानडी, खालचं हातचं मराठी.
नंदगडच्या दवाखान्यात एकवीस वर्षं
खिडकीच्या गजांतून एकच विचारत आलो :
कशाचं वावडं हाय काय?

माणसं औषधाचं नाव सांगत नाहीत, ताटातलं सांगतात.
सातेरी गुरव म्हणाला, वांगं. परवा बारशाला खाल्लो
आन अंगभर गांधी उठल्या बगा.
त्याच्यामागं बसवण्णेव्वा, पदरात खोकला धरून :
बदनीकायि आगी बरंगिल्ल री.
दोघांपुढं मी एकच लिहिलो.

आगी बरंगिल्ल. होऊन येत नाही.
फोडून बघितलं तर एवढंच निघतं.
वांग्यावर आळ नाही,
ज्याला बाधतं त्याच्यावरही नाही.
आमच्या घरी धाकट्या काकूला शेंगदाण्याचं वावडं;
आई कूट घालायच्या आधी तिच्यापुरती आमटी काढून ठेवायची,
झाकण घालून, चुलीच्या कडेला, निवू नये म्हणून.
मला पुष्कळ वर्षं वाटायचं
वावडं म्हणजे ती वाटी.

गावात शब्द हसतखेळत फिरतो.
भरमाच्या पोराला पुस्तकाचं वावडं,
खानापूरच्या गाडीला वेळेचं,
चेअरमनला — इथं जरा हळू — खऱ्याचं.
मंगळूरकडच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
ये वावडा क्या है, मोनप्पा?
मी म्हटलो, मॅडम, तुम्हाला आमचा तांबडा ठेचा जसा.
त्या पाणी पीत हसल्या.

इरव्वा दोन महिन्यांचं लेकरू घेऊन आली,
पोट डग्ग्यासारखं. वायुविळंग ऐतेन्री?
दवाखान्यात नसतं ते. माझ्या खिशात होती,
नातवासाठी घेतलेली वावडिंगाची पुडी.
लेकराच्या रकान्यात रेघ मारलो.
त्याला अजून कशाचंच नाही.

मग तो आठवडा आला.
गाड्या हद्दीवर थांबल्या, वावड्या उठल्या :
तिकडं काळं फासलं, नाही, इकडं,
कुणाच्या तरी मेव्हण्यानं स्वतः बघितलं.
जुनी माणसं पतंगाला वावडी म्हणायची.
वर फडफडते ती दिसते.
दोरा कुणाच्या बोटाला, ते नाही.
टीव्हीवर एक माणूस असहिष्णुता, असहिष्णुता म्हणत होता.
केवढा शब्द. माझ्या रकान्यात मावला नसता,
आणि त्याच्यासाठी वेगळी वाटी कोण काढणार?

शनिवारी दस्तगीर पेंटर. दोन्ही पंजे सुजलेले,
कोपरापर्यंत पुरळ.
चार दिवस बाजारातल्या पाट्यांवर काम चालू होतं,
त्यातल्या बऱ्याच त्यानंच कधीकाळी रंगवलेल्या :
बेकरीची, सायकलवाल्याची, माझ्या साडूच्या गिरणीची.
वर कानडी, खाली मराठी, मधे एक गुलाब.
खालची ओळ डांबरानं बुजवायची, ठरलं होतं.
कुणी ठरवलं, ते मी विचारलो नाही.

विचारलो ते नेहमीचंच.
तो गजाला टेकून बराच वेळ गप्प.
एवढी वर्षं रंगात हात घालतोय मामा,
कधी काय झालं नव्हतं.
मग म्हणाला, डांबर लिवा.
लिहिलो.
त्यानं मान वाकडी करून कागद उलटा वाचला,
सुजलेलं बोट गजातून आत घातलं,
टेकवलं नाही, वरच्यावर फिरवलं :
ड चं पोट असं आवळू नका मामा,
गोल सोडा.
लांबनं दिसाय पायजे.